लिवून घेतो, पण मानत न्हाई

भुजंगराव काका प्रश्न माणसाला विचारतात आणि उत्तर भिंतीकडून घेतात.

म्हणजे असं. आम्ही एखाद्या घरी जातो. मी फॉर्म काढते, पेन झटकते आणि विचारते, "वहिनी, महिन्याला तेल किती लागतं हो?" वहिनी पदर सारखा करतात, आढ्याकडे बघतात आणि सांगतात, "लागत आसंल दोनेक किलो." तोवर काका स्वयंपाकघरात शिरलेले असतात. गॅसच्या मागच्या भिंतीवर, जिथं फोडणी उडते तिथं, ते एक बोट वरून खाली ओढतात. मग ते बोट अंगठ्याला चोळत दारातल्या उजेडात धरतात, डोळे बारीक करतात आणि सगळ्यांच्या देखत म्हणतात, "लिवून घेतो. पण मानत न्हाई."

ज्या बाईच्या भिंतीला परक्या माणसानं असं बोट लावलं, ती पुढच्या प्रश्नांची उत्तरं कोणत्या तोंडानं देत असेल ते तुम्हीच ठरवा. त्यांच्याबरोबर मी बदनापूरपासून हसनाबादपर्यंतची कितीतरी खेडी पालथी घातली आणि आम्हाला कुणी काठी घेऊन हाकललं नाही, याचं सगळं श्रेय मी त्यांच्या पांढऱ्या मिशांना देते.

एका वैद्यकीय महाविद्यालयानं ही पाहणी काढली होती. लोक तेल-तूप किती खातात आणि त्यांच्या काळजाची काय अवस्था आहे, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. प्रत्येक गावाला दोन माणसं, एक बाई आणि एक पुरुष. बाई म्हणजे मी. बदनापूरला आमचं शिलाईचं दुकान आहे, पण सणवार नसले की ते झोपतं, म्हणून मी हे काम धरलं. पुरुष म्हणून माझ्या वाट्याला हे आले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सुरेखाबाई, एक ध्यानात ठेवा. माणूस खाण्याबद्दल खरं बोलत न्हाई. देवासमोर बोलंल, पोलिसासमोर बोलंल, पण खाण्याबद्दल न्हाई." मी मनात म्हटलं, झालं, हे बेणं आपल्यालाच मिळायचं होतं.

त्यांचा हा संशय जन्माचा नव्हता, पेशाचा होता. सगळी नोकरी परतूरला कापूस खरेदी केंद्रावर गेली, ग्रेडर म्हणून. कापसाची गाडी आली की शेतकरी म्हणणार, माल एकदम कोरडा आहे. वरून असायचाही. पण वजन वाढावं म्हणून कुणी आत पाणी मारून आणलेलं असायचं. काका बाही वर करून कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचे आणि आतला कापूस मुठीत दाबून बाहेर काढायचे. "वरतून कोरडं, आतून वल्लं," असं एकदा म्हणाले की त्या गाडीचा भाव गेला. इतकी वर्षं हात खुपसून खुपसून त्यांना सगळं जगच ओलं वाटायला लागलं होतं. निवृत्त झाल्यावर ते बदनापूरला स्टेशनच्या बाजूला राहायला आले, पण बाही काही खाली उतरली नाही.

त्यात आमचा फॉर्म. तो कुणी छापला देव जाणे, पण ज्यानं छापला त्यानं आमच्याकडचं मराठी कधी ऐकलं नसावं. पहिल्या छपाईत प्रश्न असा होता: आपण दररोज किती चरबी घेता? आता आमच्याकडे चरबी कुणी घेत नाही. ती चढते. आणि ज्याला चढते त्याला तोंडावर विचारायची पद्धत नाही. काकांनी हा प्रश्न पहिल्यांदा वाचला तो एका चांगल्या जाडजूड मोसंबीवाल्याच्या ओसरीवर.

"तुमच्यात चरबी किती?" काकांनी विचारलं. कागदातलं 'दररोज' आणि 'घेता' त्यांच्या हिशेबी फालतू होतं.

मोसंबीवाला लोडाला टेकला होता, तो सरळ बसला. "कोणाला इचारून राह्यले तुम्ही?"

"तुम्हालाच. रागावू नका, छापील सवाल हाय. रोजची किती, आन सणासुदीची किती, आसं येगळं येगळं सांगा."

आत ठेवलेला चहा आतच राहिला. आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा काका म्हणाले, "एवढा तापला म्हंजे बरीच आसंल."

मी वर तक्रार केली. दुसऱ्या छपाईत 'चरबी' गेली आणि 'स्निग्ध पदार्थ' आले. ते मी एका आजींना वाचून दाखवले. आजी बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "स्निग्धा आमच्यात न्हाई बाई. पलीकडं मास्तरच्या सुनेचं नाव हाय तसलंच काहीतरी." मग मी कागद बाजूला ठेवून सरळ तेल-तूप विचारायला लागले.

तेही सोपं नव्हतं. तेल म्हणजे दुकानातून आणलेली पिशवी, एवढंच लोक धरतात. तूप तेलात येत नाही, ते ताकदीत येतं. एका निवृत्त मास्तरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की डॉक्टरनं सांगितल्यापासून मी तेलाला शिवत नाही. त्यांच्या मंडळी दारामागून म्हणाल्या, "आन काल पोळीवर वाटीभर वतून घेतलं ते?" मास्तर शांतपणे म्हणाले, "ते तूप होतं. यांनी तेलाचं विचारलंय." काका माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले.

ज्याला डॉक्टरची भीती तो कमी सांगतो, हे मला समजत होतं. पण उलटंही असतं. एका वस्तीवर कापूस वेचायला जाणारी एक बाई भेटली. पत्र्याचं घर, विटांची चूल. ती म्हणाली, "पळीभर टाकते की रोज भाजीत. वरतून लेकरांच्या भाकरीवर येगळं." ज्या घरची भाजी कोरडी, त्या घरची अब्रू कोरडी, असं आमच्याकडे मानतात. काका आत जाऊन चुलीमागची भिंत बघून आले. बोट अंगठ्याला चोळलं, पुसलं, आणि म्हणाले, "लिवून घेतो." पुढचं बोललेच नाहीत. मला वाटलं, मशेरीचा बार भरायचाय म्हणून विसरले असतील.

भिंत खोटं बोलत नाही असा त्यांचा दावा होता, पण भिंतीनंही त्यांना फसवलंच. हसनाबादला एका घरात त्यांनी जाहीर केलं की या घरात तेलाचा थेंब वापरत नाहीत, असली माणसं जिल्ह्यात दुसरी मिळायची नाहीत. घरात मुलीचं लग्न झालेलं होतं आणि भिंतीला नुकताच रंग दिला होता. कोपऱ्यात तेलाचे रिकामे डबे एकावर एक रचलेले होते. दुसऱ्या एका घरी भिंत इतकी चिकट लागली की त्यांनी बिचाऱ्या तरुण जोडप्याला धारेवर धरलं. ते दोघं आठवड्यापूर्वी राहायला आले होते. आधीचा भाडेकरू भज्यांचा गाडा लावायचा. एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणी बोट आवरलं असतं. काका म्हणाले, "भिंत बराबर हाय. भाडेकरू बदलला हा भिंतीचा गुन्हा न्हाई."

आता खरं सांगते, काही दिवसांनी मला लोकांपेक्षा काकांचाच जास्त संशय यायला लागला.

पहिली गोष्ट, ते कुणाच्या घरी काही खात नसत. आमच्याकडे पाहुण्यानं 'नको' म्हणायचं असतं आणि मग खायचं असतं, ही रीत आहे. हे 'नको' म्हणत आणि खरंच खात नसत. चिवडा नको, शेव नको, धपाटं नको. एका घरी तर म्हातारीनं विचारलं, "आमच्या हातचं चालत न्हाई का?" काका म्हणाले, "तसं न्हाई माय," आणि उठून बाहेर गेले. शिव्या मला बसल्या.

दुसरी गोष्ट, त्यांचा डबा. दुपारी आम्ही पारावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर डबे सोडायचो. आसपासच्या गावात पाहणीचीच आमची माणसं असली तर पाचसहा डबे एकत्र. काका आपला डबा घेऊन देवळाच्या मागं जात, पाठ करून बसत आणि पटापट उरकून हात पुसत येत. दुसऱ्यांच्या भिंतीला बोट लावणारा हा माणूस स्वतःचं भाजीचं झाकण कुणाला दाखवत नव्हता. माझी खात्री झाली की यांना डॉक्टरनं तळलेलं बंद केलंय आणि हे देवळामागं बसून भजी हाणतायत.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. म्हातारी बाई भेटली की फॉर्म संपल्यावर ते एक जादा प्रश्न विचारत. तो छापलेला नव्हता. मी पेन बंद केलं की हळूच पुढं सरकून म्हणत, "ते राहू द्या. तुम्हाला सोताला काय आवडतं खायला?"

म्हाताऱ्या आधी हसत. मग पदर तोंडाला लावत. "आम्हाला काय आवडायचंय? समद्यांचं झालं की उरंल ते."

"उरतं ते न्हाई इचारलं. आवडतं ते."

"काही बी चालतं, भाऊ."

हे ऐकलं की काकांचा चेहरा बदलायचा. एकदा तर चिडून म्हणाले, "काही बी चालतं आसं काही खायचं नसतं जगात. नीट सांगा." कुणी कंटाळून सांगून टाकायची: अंबाडीची भाजी, ताकाची कढी, हुलग्याच्या शेंगोळ्या. हे मात्र ते लिहून घेत नसत. पुटपुटत लक्षात ठेवत. आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला विचारत, "सुरेखाबाई, आंबाडी निवडायची कशी? देठासकट का बिनादेठाची?"

आमच्यातल्या बायकांनी निष्कर्ष काढून ठेवला होता. काकांच्या घरी कुणी गेलं नव्हतं, मुलगी दूर नाशिकला असते एवढंच माहीत होतं, बायकोचं नाव ते कधी काढत नसत. तेव्हा एकटा माणूस आहे, पेन्शन आहे, आणि रांधून घालणारी बाई शोधतोय. त्यासाठी पाहणीचं निमित्त बरं सापडलंय. मी वरवर "काहीतरीच काय" म्हणायचे. पण ज्या म्हातारीनं अंबाडी सांगितली ती विधवा होती, हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

डबा उघडला तो एसटीच्या ब्रेकनं. भोकरदनच्या रस्त्यावर समोर शेळ्यांचा कळप आला, गाडी करकचून थांबली, काकांच्या मांडीवरची पिशवी माझ्या पायाशी पडली आणि डब्याचं झाकण निघालं. भजी नव्हती. पांढराफटक दुधी होता, पाण्यात उकडलेला. त्यात ना मोहरी, ना हळदीचा तरंग, ना तेलाचा एक डोळा. दुसऱ्या पुडात करड्या रंगाचा एक गोळा होता. ती अंबाडी होती हे मला वासावरून कळलं. आमच्याकडे दुखणाईतालासुद्धा असलं कुणी वाढत नाही.

"काका, हे काय?"

"जेवण."

"तेल न्हाई यात?"

"न्हाई."

"बिलकुल?"

"बिलकुल."

"लिवून घेते," मी म्हटलं, "पण मानत न्हाई."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. डबा उचलून झाकण लावलं, आणि दोनदा नीट लागलं की नाही ते बघितलं. शेळ्या गेल्या, गाडी निघाली. मग खिडकीतून बाहेर बघत बोलायला लागले.

त्यांची बायको, सुभद्राकाकू, घरीच होत्या. गेल्या वर्षी लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता काही येत नाही. गल्लीतली एक बाई दिवसभर बसते, रांधायचं मात्र काकांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"डॉक्टर म्हणले, तेल कमी करा. आता कमी म्हंजे किती? पळी म्हणले न्हाई, चमचा म्हणले न्हाई. म्या म्हणलं, भानगडच नको. बंदच केलं. तिला न्हाई तर मला कशाला पाह्यजे? मी बी तेच खातो."

"आणि काकू?"

"खात न्हाई." त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "घास नेला की तोंड फिरवती तिकडं. रोज येगळं करून पाह्यतो. वाळून चालली. डॉक्टर म्हणतात खाल्लं न्हाई तर नळी घालावी लागंल. नाकातून."

"त्यांना आवडतं काय?" मी विचारलं.

काका माझ्याकडे असं बघायला लागले की मला कळलं, हा प्रश्न त्यांना माझ्या आधीपासून छळतोय.

"तेच तर ठावं न्हाई. मी जेवून उठलो, माझी पाठ फिरली, की मंग ती बसायची. काय खायची, किती खायची, म्या पाह्यलंच न्हाई. कधी इचारलं, आज तुझ्यासाठी काय करायचं, तर म्हणायची, मला काय, काही बी चालतं. आख्ख्या परतूरच्या गाड्यात हात घातला म्या, सुरेखाबाई. कोणाचं वरतून मानलं न्हाई. हिचं तेवढं मानलं."

मला रडू आलं नाही, राग आला. काकांचा नाही, त्या 'काही बी चालतं'चा. कारण घरी कुणी विचारलं तर मीही हेच सांगते. आणि आमच्याकडे लगेच मानतात.

राग आला की माझं डोकं चालतं. मी म्हटलं, "तुमच्या आधी त्या कुणाबरोबर जेवायच्या?"

"माझ्या आधी? माहेरी."

"मग तिथं विचारा ना."

काकूंचं माहेर हसनाबादच्या पलीकडं एका खेड्यात होतं. भाऊ वारले होते, भावजय होती, गयाबाई. ती नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा काकू लग्नाच्या व्हायच्या होत्या. म्हणजे नणंद-भावजय एका ताटात जेवलेल्या. पण काका मान हलवायला लागले. जावयानं सासुरवाडीला जायचं आणि विचारायचं काय, तर तुमची मुलगी काय खायची? म्हणजे इतकी वर्षं नांदवली आणि एवढंही माहीत नाही? तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बराच वेळ मिशी ओढून त्यांनी तोडगा काढला. "त्या गावाचे फॉर्म आपलेच हाएत. तुम्ही पाहणीत बसवून इचारा. मी जावयासारखा बाहीर बसतो."

तसंच केलं. गयाबाईंनी जावईबापूंना ओसरीवर सतरंजी टाकून बसवलं, गूळपाणी दिलं आणि शिरा टाकायला निघाल्या. काका 'नको' म्हणाले, आणि गयाबाईंचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं आत जाऊन फॉर्म उघडला. घरात माणसं किती, तेल किती, तूप किती. मग पेन उगीच कागदावर टेकवून म्हटलं, "या घरात आधी जी माणसं राह्यची, त्यांचं बी लिहायचं असतं. म्हणजे तुमच्या नणंदबाई. त्या काय खायच्या?"

गयाबाई माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या. "हे बी इचारतेत?"

"नवीन आलंय," मी म्हटलं.

"सुभद्रा व्हय?" त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांचा आवाज एकदम पोरीचा झाला. "बाई, ती म्हंजे तेलाची येडी. घाण्यावरून करडीचं ताजं तेल आलं की हिला दम निघायचा न्हाई. तव्यावरची भाकरी फुगली की पापुद्रा काढायचा, त्यात काळा मसाला, आन वरतून कच्च्या तेलाची धार. बोटानं कालवून आस्सं मटामटा खायची. तेल कोपरापातुर वघळायचं, सासूबाई वरडायच्या, लोक काय म्हणतील, पोरगी हाय का घाणा."

ओसरीवर सतरंजी सरकल्याचा आवाज झाला. काका दारात उभे होते. जावई माणूस सासूच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, टोपी हातात. गयाबाईंनी गडबडून पदर डोक्यावर घेतला.

"धार किती?" काकांनी विचारलं.

"आँ?"

"तेलाची धार. पळी, आर्धी पळी? बराबर सांगा."

"मोजून कोण टाकतंय जावईबापू? मीच वाढायची तिला. ती पुरे म्हणूस्तोवर."

"आन पुरे म्हणली की थांबायच्या?"

गयाबाई हसल्या. "छ्या. ती पुरे म्हणली का मंग आजून थोडं. तिचं पुरे खरं नसायचंच कधी."

काकांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग म्हणाले, "शिरा टाका. खातो." आणि खरंच खाल्ला, तुपासकट. गयाबाईंनी निघताना करडीच्या तेलाची एक बाटली आणि मसाल्याची पुडी माझ्या पिशवीत घातली. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं.

बाटली घरी आली तरी काका ती उघडेनात. मीच त्यांना डॉक्टरला फोन लावायला लावला. डॉक्टर पलीकडून म्हणाले, "अहो, बंद कुणी सांगितलं होतं? दिवसाला दोन-तीन चमचे पोटात गेलंच पाहिजे. भाकरी मऊ कुस्करून, बसवून, सावकाश भरवा." काकांनी फोन ठेवला आणि डॉक्टरवर उखडले. "मंग कमी काहून म्हणले? मापात बोलावं ना माणसानं. कमी हे काय माप हाय?" मला म्हणाले, उद्या तुम्ही या. एकट्यानं हे करायला घाबरत असावेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. दोन खोल्यांचं घर, खिडकीतून स्टेशनचा रूळ दिसतो. सुभद्राकाकू खाटेवर उशांना टेकून बसलेल्या, केस विंचरून घट्ट वेणी घातलेली; वेणीही काकांनीच घातली असणार, कारण ती एका बाजूला गेली होती. डोळे मात्र तरतरीत. मी आत गेले, काका पीठ मळत होते, तेवढ्यात मी गॅसमागच्या भिंतीवर बोट फिरवलं. बोट कोरडं राहिलं. काकांनी बघितलं आणि पिठावर अजून पाणी शिंपडलं.

पहिली भाकरी फुगली नाही. मी पुढं झाले तर मला हातानं मागं सारलं. दुसरी चिरली. पुढची एका बाजूनं फुगली आणि काकांनी वाफेत बोटं भाजून घेत पापुद्रा काढला. मसाला घातला, बाटलीतून चमचाभर तेल सोडलं, आणि गरमगरम कुस्करून पार मऊ केलं.

घास तोंडाजवळ नेला तशी काकूंनी सवयीनं मान फिरवली. काकांचा हात तिथंच राहिला. मग काकूंच्या नाकपुड्या हलल्या. कच्च्या करडीचा वास खोलीत पसरला होता. त्यांनी हळूहळू मान परत फिरवली, आधी घासाकडे बघितलं आणि मग काकांकडे, अशा नजरेनं की हे तुम्हाला कुणी सांगितलं.

"गयाबाईनं," काका म्हणाले. "चुगली केली तुझी."

काकूंनी तोंड उघडलं. सावकाश, अर्ध्या तोंडानं खात होत्या, पण खात होत्या. ओठाच्या कोपऱ्यातून तेल हनुवटीवर आलं. काकांनी ते पुसलं नाही, वाहू दिलं. ताटलीतलं बरंचसं संपलं, उरलेलं जरा कोरडं दिसायला लागलं, म्हणून त्यांनी चमच्यात पुन्हा तेल घेतलं. काकूंनी डावा हात वर केला आणि पंजा हलवला. पुरे.

काकांनी चमचा थांबवला. त्या हाताकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. काकांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांना बाही सापडत नव्हती.

"लिवून घेतो," ते म्हणाले, "पण मानत न्हाई."

आणि अजून थोडी धार सोडली. काकूंनी हात खाली घेतला.